वरातीमागून घोडा

दोन पावसाळ्यांपूर्वी मी पडलो. सरकारी भाषेत सांगायचं तर 'कार्यालयीन कर्तव्य बजावत असताना उंचावरून पडल्याने डाव्या मनगटास इजा' झाली. टिपणीतला 'उंचावरून' हा शब्द वाचून भेटायला आलेल्या मेहुण्याने मोठ्या आदराने विचारलं, "दाजी, कितव्या मजल्यावरून?" मी म्हणालो, "खुर्चीवरून." त्याचा चेहराच उतरला. माणसाने पडावं तर माडावरून, गच्चीवरून, गेला बाजार मोटरसायकलवरून. खुर्चीवरून पडतात ते मंत्री, आणि त्यांना प्लास्टर घालावं लागत नाही.

खुर्ची फिरती होती, हे मी मेहुण्याला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.

त्याचं असं झालं, की माहिती अधिकारात एक अर्ज आला. १९८६ सालच्या एका बिनशेती आदेशाची नक्कल हवी होती. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, खाली ठसठशीत सही. माहिती द्यायला कायद्याने तीस दिवस, आणि त्यांतले सव्वीस दिवस अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जाण्यात गेलेले. तीस दिवस उलटले की जनमाहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड होऊ शकतो, तो २५,००० पर्यंत चढतो. आमच्या कचेरीत जनमाहिती अधिकारी म्हणजे मॅडम. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, आजच्या आज बघा बरं जरा. दोन मिनिटांचं तर काम आहे."

दोन मिनिटांचं काम. हे शब्द लक्षात ठेवा. आमच्या कचेरीत आजवर जे जे कुणी पडलं, भाजलं, चेंगरलं किंवा शॉक लागून बाजूला फेकलं गेलं, ते सगळं दोन मिनिटांच्या कामात. दोन तासांच्या कामात कुणाला काही झाल्याचं ऐकिवात नाही, कारण दोन तासांचं काम आम्ही सुरूच करत नाही.

आमची रेकॉर्ड रूम दगडी इमारतीत आहे. वर चौदा फुटांवर छत, खाली शहाबादी फरशी आणि मध्ये नऊ-नऊ फुटांचे लोखंडी रॅक. जुनी माणसं या रॅकना 'घोडे' म्हणतात, हेही लक्षात ठेवा, पुढे घोटाळा होणार आहे. कागदांची आमच्याकडे वर्गवारी असते. 'अ' म्हणजे कायम जपायचे, 'ब' तीस वर्षं, 'क-१' दहा, 'क' पाच आणि 'ड' एक वर्ष. आता जे जन्मभर जपायचं ते ठेवायचं कुठे? सगळ्यात वर. आमच्या पूर्वसूरींचा हिशेब साधा होता. जे फेकायचं ते हाताशी हवं, आणि जे कधीच फेकायचं नाही त्याला हात लावायचाच कशाला? ही व्यवस्था छान चालली होती. मग २००५ साली माहितीचा अधिकार आला आणि गावोगावचे लोक नेमके 'अ' वर्गातलेच कागद मागू लागले. एका कायद्याने सगळ्या राज्यातले कारकून खुर्च्यांवर चढवले.

आणि खुर्च्यांवरच का म्हणून? वर पोचायला आमच्याकडे काय काय आहे ते सांगतो. प्लास्टिकची पांढरी खुर्ची आहे. तिच्यावर उभं राहिलं की तिचे चारी पाय चार दिशांना निघतात, नुकत्याच जन्मलेल्या वासराचे निघतात तसे. टेबलावर खुर्ची आणि खुर्चीवर स्टूल ही रचना आहे, तिला आमच्यात 'थ्री टायर' म्हणतात. आमच्या कचेरीतले नाईक मामा तर यातलं काहीच वापरत नाहीत, ते चपला काढून थेट रॅकच्या कप्प्यांवर पाय देत वर जातात. सगळ्यात भरवशाची म्हणजे जुनी लोखंडी मतपेटी. यंत्रं आल्यापासून ती बिनकामाची झाली आणि रेकॉर्ड रूमच्या कोपऱ्यात येऊन बसली. लोकशाहीचा पाया भक्कम असतो असं भाषणांतून ऐकलं होतं, त्या पेटीवर उभं राहिल्यावर पटलं. पण ती जेमतेम फूटभर उंच. तिच्यावरून 'ब' वर्गापर्यंतच हात पोचतो.

मला 'अ' हवा होता. म्हणून मी फिरती खुर्ची ढकलत आणली.

फिरत्या खुर्चीला खाली पाच चाकं, मध्ये एक दांडा आणि वर एक गादी. बसणाऱ्यासाठी हे तिन्ही सुखाचे, उभ्या राहणाऱ्याचे तिन्ही वैरी. मी चपला काढून गादीवर उभा राहिलो. खुर्चीचा गॅस गेलेला होता, त्यामुळे ती माझ्यासकट हळूहळू बसू लागली, लिफ्टसारखी. तेवढ्यात गठ्ठा दिसला. लाल फडक्यात बांधलेला, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर १९८६, आणि सगळ्यावर तेव्हापासूनची धूळ. डाव्या हाताने रॅक धरला, उजव्याने गठ्ठ्याची गाठ पकडून ओढला. तो हलेना. दोन्ही बाजूंच्या गठ्ठ्यांनी त्याला गच्च दाबून धरला होता. मी जोर लावला. गठ्ठा मला ओढत होता आणि मी गठ्ठ्याला, आणि अशा ओढाओढीत ज्याच्या पायाखाली चाकं असतात तो हरतो. खुर्ची खिडकीकडे निघाली. माझं वरचं अंग रॅकपाशीच थांबलं. मधल्या भागाने कुणाबरोबर जायचं हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मग मी खाली आलो, आणि माझ्या मागोमाग अख्खं १९८६ साल खाली आलं.

आवाज ऐकून सगळे धावले. आधी सगळ्यांनी खुर्ची उचलली. बरोबरच आहे, खुर्चीची नोंद जडवस्तू नोंदवहीत असते, तिचा हिशेब द्यावा लागतो. माझी नोंद सेवापुस्तकात, त्यात कमी-जास्त चालतं. कचेरीतल्या मावशींनी पाणी आणलं. मामांनी गठ्ठा सोडला, नेमका कागद काढला आणि नक्कल मारायला पाठवला. माहिती सत्ताविसाव्या दिवशी, म्हणजे मुदतीत, दिली गेली. अर्जदाराला ती कुणाच्या मनगटातून मिळाली याची कल्पना नसेल. त्याने पहिलं अपील केलं, नक्कल पुसट आहे म्हणून.

प्लास्टर सहा आठवडे. रजा त्याआधीच संपवून आलो तेव्हा कळलं, की माझ्या पडण्याची फाईल माझ्यापेक्षा बरीच वर गेली आहे. प्रश्न असा निघाला होता, की कार्यालयात शिडी उपलब्ध असताना संबंधित कर्मचारी खुर्चीवर का चढला? आणि खरोखरच, जडवस्तू नोंदवहीत १९७४ सालची नोंद सापडली: 'शिडी, लाकडी, दुबाजू, घडीची – १ नग.' पन्नास वर्षं आमच्याकडे शिडी होती आणि आम्ही मतपेटीवर चढत होतो. शोधाशोध सुरू झाली. भांडारवाले म्हणाले रेकॉर्ड रूममध्ये असेल, रेकॉर्ड रूमवाले म्हणाले भांडारात असेल. शेवटी मामांनी ती दाखवली. इमारतीच्या मागे, वॉचमनच्या खोलीलगत ती उभी होती, आणि तिच्यावर कारल्याचा वेल खालपासून शेंड्यापर्यंत चढला होता. आमच्या कचेरीत शिडीचा तेवढा नियमाने वापर दुसऱ्या कुणी केला नसेल.

वेल बाजूला करून पाहिलं तर शिडीला हिरवा ऑइलपेंट. कुण्या एका साहेबांच्या तपासणीआधी सगळ्या इमारतीला दिला, तेव्हा उरलेला तिलाही दिला असणार. दिसायला नवरीसारखी. मी उजव्या हाताने एक पायरी दाबली, तर ती पापडासारखी मोडली. लाकडी शिडीला म्हणून कधी रंग देऊ नये, फार तर पारदर्शक व्हार्निश द्यावं. रंगाखाली चीर दिसत नाही, कीड दिसत नाही, दिसतो तो फक्त रंग. तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव आम्ही वर पाठवला. तो अजून वरच आहे. वेल खाली आहे. कारली मात्र दर मोसमात मॅडमच्या घरापर्यंत पोचतात.

मग नवीन शिडी घ्यायचं ठरलं. टिपणी मी लिहिली, डाव्या हाताला प्लास्टर होतं पण लिहायचा उजवा शाबूत होता. घरी रंगारी आला की तो दुबाजू शिडीला 'घोडा' म्हणतो, इलेक्ट्रिशियनही घोडाच म्हणतो, म्हणून मीही सवयीने लिहून गेलो: 'अभिलेख कक्षाकरिता अॅल्युमिनियमचा घोडा १ नग खरेदी करणे आवश्यक.' लेखा शाखेकडून फाईल परत आली. शेरा होता, 'अभिलेख कक्षात यापूर्वीचे घोडे २२ असताना वाढीव घोड्याचे प्रयोजन स्पष्ट करावे.' त्यांनी रॅक मोजले होते. मी सविस्तर खुलासा केला, की हा घोडा कागद ठेवण्याचा नसून चढण्याचा आहे. फाईल पुन्हा परत आली. या वेळी कुण्या मिश्कील माणसाने पेन्सिलने बारीक अक्षरात विचारलं होतं, 'चाऱ्याची तरतूद?'

शेवटी 'शिडी' असा शब्द घालून, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून, फेब्रुवारीच्या अखेरीला ती आली. आषाढात माणूस पडला आणि माघात शिडी आली. मराठीत वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पण आमच्या खात्याच्या मानाने लवकर आलं, हे मान्य केलं पाहिजे.

नवी शिडी सहा पायऱ्यांची. तिच्या अंगावर एक भलंमोठं स्टिकर होतं आणि स्टिकरवर चित्रं. चित्रांतल्या माणसाला नाक-डोळे नाहीत, पण उद्योग सगळे आमचेच. एका चित्रात तो अगदी वरच्या टोकावर उभा, त्याच्यावर फुली. एकात तो बाजूला वाकून काहीतरी ओढतोय, फुली. एकात एका शिडीवर दोघं जण, फुली. एकात शिडी मिटलेली तशीच भिंतीला टेकवली आहे, फुली. एकात शिडी दारासमोर मांडलेली आणि दार उघडतंय. एकात पाठ शिडीकडे करून, जिना उतरावा तसा तो उतरतोय. आम्ही सगळे जमून त्या चित्रांत एकमेकांना ओळखत होतो. "हे भांडारवाले." "हा डिस्पॅचचा." बाजूला वाकलेला कोण, यावर कुणी काही बोललं नाही, फक्त माझ्या मनगटाकडे पाहिलं.

ही घडीची शिडी मुळात कुणी काढली, याची मला उत्सुकता होती. अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन नावाचं गाव आहे. तिथल्या जॉन बाल्सली नावाच्या सुताराने १८६२ साली अशा शिडीचं पेटंट घेतलं. गोल दांड्याऐवजी सपाट पायरी, आणि काम झालं की मिटून ठेवायची सोय. त्याच डेटन गावात पुढे सायकलच्या दुकानातल्या दोन राइट बंधूंनी शिडीशिवायच वर जायचं ठरवलं, ते सर्वांना माहीत आहे. बाल्सली कुणाला माहीत नाही. मला तरी या दोन शोधांत शिडीचा जास्त महत्त्वाचा वाटतो. विमानात बसणारा पट्टा तरी बांधतो.

शिडी आली तेव्हा मार्च लागत होता. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तिचं मुख्यालय आपल्या नवी मुंबईतच आहे. ४ मार्चपासून आठवडाभर सगळ्या कारखान्यांत फलक लागतात, शपथा होतात. आम्ही काही कारखाना नाही. कारखाने अधिनियम, १९४८ याच्या ३२व्या कलमात उंचीवर काम करणाऱ्यासाठी सुरक्षेची तरतूद करावी असं सांगितलं होतं, पण तो कायदा कारखान्यांना होता. आमच्याकडे काही तयार होत नाही, फक्त साठतं. तरीही माझ्या प्रकरणाची लाज वाटून मॅडमनी जवळच्या एमआयडीसीतून एका सुरक्षा अधिकाऱ्याला बोलावलं. आम्हाला वाटलं, भाषण होईल, सुविचार होतील, मग चहा-समोसा.

हा माणूस बोललाच नाही. त्याने शिडी आडवी पाडली आणि तिचे पाय बघत बसला. चारी पायांचे रबरी बूट एकेक करून पिळले, निघतात का बघायला. मग प्रत्येक पायरी दोन हातांनी मुरगाळून पाहिली. रिव्हेटवर अंगठा फिरवला. वरचा बिजागर उघडला, मिटला, उघडला. दहा मिनिटं झाली. मामा माझ्या कानात म्हणाले, "मुलगी बघायला आलेत का?" मग त्याने शिडी उभी केली, पाय फाकवले आणि मधल्या पट्टीवर तळहाताने दाब दिला. खट्. त्याने मान वर केली आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. "हा आवाज ऐकला? हा आवाज आला नाही तर चढायचं नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल."

खट् झालेली शिडी त्याने हलवून पाहिली. ती लंगडत होती. शहाबादी फरशी, तीही कैक वर्षांची; तीन पाय टेकले, चौथा अर्धा बोट वर. मामा चपळाईने पुढे झाले आणि खिशातून एक चौघडी कागद काढून त्या पायाखाली सरकवू लागले. कागद कुठल्यातरी परिपत्रकाचा होता, आमच्याकडे लंगडणाऱ्या टेबलांना आजवर शासनाच्या परिपत्रकांनीच सावरलंय. एमआयडीसीच्या साहेबांनी मामांचा हात धरला. "पाचर नको. शिडी सरकवा. चारी पाय आपसूक टेकतील तिथेच चढायचं." मग आम्ही सगळे शिडी घेऊन रेकॉर्ड रूमभर फिरलो, लग्नाचा घोडा फिरवावा तसे. इथे टेकते का? तिथे टेकते का? बावीस रॅकपैकी फक्त तीन रॅकसमोर ती चारी पायांवर उभी राहिली. मामांनी तिथे खडूने चार-चार गोल काढले. ते गोल आम्ही अजून मावशींना पुसू देत नाही.

पुढचा प्रश्न शिडीचं तोंड कुठे करायचं हा. आम्ही ती रॅकला समांतर लावली होती, म्हणजे चढणाऱ्याच्या डाव्या कुशीला रॅक. साहेबांनी ती काटकोनात फिरवली. म्हणाले, शिडी पुढे-मागे पसरलेली असते, त्या दिशेने तिला सहज कुणी पाडत नाही. आडव्या दिशेने मात्र ती अरुंद. गठ्ठा बाजूने ओढला की तुम्ही बाजूला जाता, शिडी दुसऱ्या बाजूला जाते. (इथे पुन्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.) शिडीने आणि रॅकने एकमेकांकडे तोंड करून उभं राहायचं, अंतरपाट दूर झाल्यावर वधूवर राहतात तसं. उपमा माझी, साहेबांना विनोदाचं अंग नव्हतं. त्याची खात्री पुढे झाली. ते म्हणाले, "वर असताना बेंबी नेहमी शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या मध्ये असली पाहिजे. बेंबी दांड्याबाहेर गेली की समजा, तुम्ही गेलात." आमचे भांडारवाले अंगाने भरभक्कम. ते म्हणाले, "साहेब, बेंबी मध्येच असते हो, पण पोट दोन्हीकडून बाहेर असतं." साहेबांनी त्यांच्याकडे नीट, खालीवर पाहिलं आणि गंभीरपणे उत्तर दिलं, "पोट चालेल. एकूण वजन किती?" या शिडीवर दीडशे किलोची मर्यादा लिहिलेली होती, आणि त्यात माणसाबरोबर त्याच्या हातातला गठ्ठाही धरायचा असतो. भांडारवाल्यांनी विषय बदलला.

मग पायऱ्या. सहापैकी वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही, त्या फक्त हाताला आणि गुडघ्याला आधार. माणसाने आपली पायरी ओळखून असावं, हे आजवर वरिष्ठ सांगत आले, आता शिडीही सांगू लागली. पण या दोन पायऱ्या पुढे महागात पडल्या. ऑडिटच्या वेळी मी उत्साहाने हा नियम लेखापरीक्षकांना समजावला, आणि त्यांनी शांतपणे वहीत लिहून घेतलं: 'सहा पायऱ्यांची शिडी खरेदी करून प्रत्यक्षात चार पायऱ्यांचाच वापर. दोन पायऱ्या विनावापर पडून.' अनुपालन अहवाल अजून द्यायचा आहे.

साहेबांची आणखी एक शिकवण अशी, की चढता-उतरता अंगाची तीन टोकं शिडीला लागलेली हवीत, दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय. आता एका हाताने दहा-बारा किलोचा गठ्ठा छातीशी धरून, तोंड शिडीकडे ठेवून, पायाने चाचपत खालची पायरी शोधून दाखवा. होत नाही. म्हणजे गठ्ठा आपण घेऊन उतरायचाच नाही, खाली कुणाच्या तरी हातात द्यायचा. म्हणजे खाली कुणीतरी हवं. आणि इथे आमच्या कचेरीचा खरा कस लागतो.

कारण 'मी धरलीय, तू चढ' हे वाक्य आपल्याकडे जितक्या सहज म्हटलं जातं तितक्या सहज 'चहा घेणार?' हेही म्हटलं जात नाही. धरणारा सुरुवातीचं अर्धं मिनिट दोन्ही हातांनी धरतो. मग एका हाताने. मग फोन वाजतो. मग तो शिडीला टेकून उभा राहतो, म्हणजे शिडीने त्याला धरलेलं असतं. वरून धूळ पडली की तो डोळे चोळायला दोन्ही हात काढून घेतो आणि तरी तोंडाने म्हणत असतो, "धरलीय, धरलीय." दहीहंडीच्या थरांसाठी वीस फुटांची मर्यादा असावी की नसावी यावर २०१४ पासून मुंबई उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात केवढे वाद झाले. पण मी लहानपणापासून बघतोय, सगळ्यात खालच्या थरातला गोविंदा कधी फोनवर बोलताना दिसला नाही. धरणं म्हणजे काय ते त्याला कळतं. आपण दुसऱ्याला चढवतो ते हरभऱ्याच्या झाडावर. ते जेमतेम गुडघ्याएवढं, त्याला धरावं लागत नाही, म्हणून ही सवयच लागलेली नाही.

आमचं नशीब, की मामा बदलले. आजवर माकडासारखे रॅकवर चढणारे मामा शिडी आल्यापासून स्वतः चढेनासे झाले. ते शिडीचे मोतद्दार झाले. शिडी भांडारातून तेच काढतात, खडूच्या गोलांवर तेच ठेवतात, पट्टीवर तळहात मारून खट् झाल्याशिवाय कुणाला पाय लावू देत नाहीत. रेकॉर्ड रूमचं दार आतून लावून घेतात, म्हणजे बाहेरून कुणी ढकलायला नको. आणि डोक्यावरचा पंखा बंद करतात. मे महिन्यात त्या खोलीत पंखा बंद करणं म्हणजे शिक्षाच, पण मामा ऐकत नाहीत. एकदा बांधकाम खात्याचा माणूस ट्यूबलाइटची पट्टी बदलायला आला आणि हक्काने शिडी मागू लागला. मामांनी दिली नाही. "अॅल्युमिनियमची आहे. विजेच्या कामाला फायबरची आणा." तो म्हणाला, "अहो मामा, दोन मिनिटांचं काम." मामा म्हणाले, "आमचे भाऊसाहेब दोन मिनिटांनीच पडले होते." त्या दिवसापासून ती ट्यूब बंद आहे, पण मामांचं बरोबर होतं.

खंडेनवमीला कचेरीत यंत्रांची पूजा असते. टायपरायटर होते तोवर त्यांची व्हायची, मग झेरॉक्सची, आता संगणकाची. गेल्या वर्षी मामांनी शिडी मधोमध मांडली, प्रत्येक पायरीला झेंडूचं फूल लावलं, वरच्या दोन 'विनावापर' पायऱ्यांवर आपट्याची पानं आणि प्रसादाच्या पेढ्यांचा पुडा ठेवला. भांडारवाल्यांनी त्या पेढ्यांसाठी बाजूने हात लांब केला. "बेंबी!" मामा ओरडले. अख्ख्या कचेरीत एकदम शांतता झाली आणि भांडारवाले जागच्या जागी सरळ झाले.

आता मी चढतो तो याच शिडीवरून, चौथ्या पायरीपर्यंत. मनगट थंडीत दुखतं. घरी मात्र दिवाळीत आकाशकंदील लावायला टेबलावर स्टूल ठेवूनच चढलो होतो, हे कबूल केलं पाहिजे. बायको खाली उभी राहून "धरलंय" म्हणत होती आणि फोडणी करपते म्हणून मध्येच आत गेली होती.

तर वाचकहो, आमच्याकडून काही माहिती हवी असल्यास जरूर अर्ज करा, तुमचा हक्क आहे. दहा रुपयांचं तिकीट लावा. फक्त खडूचे गोल ज्या तीन रॅकसमोर आहेत, त्यांत १९७९ ते १९८३ एवढेच कागद येतात. त्यांतलं काही चालत असेल तर बघा. आणि अर्ज सोमवारी किंवा मंगळवारी द्या. बुधवारी मामांची साप्ताहिक टपालाची फेरी असते, त्या दिवशी शिडी धरायला कुणी नसतं.